द्वारकाबाईंच्या घरातली बुरशी

कुणाच्याही घरी गेले की मी आधी नाकाने आत शिरते आणि मग पायाने. ही सवय बरी नाही, असं माझ्या सुनेचं मत आहे. बारसं असो, कुणाला भेटायला जाणं असो, वर्षावासात विहारात ग्रंथ ऐकायला बसणं असो, माझं लक्ष वाचणाऱ्याकडे कमी आणि त्याच्या मागच्या भिंतीकडे जास्त. कोपऱ्यात पोपडे दिसले की हात शिवशिवतात. मुलाच्या सोयरिकीच्या वेळी पाहुण्यांच्या बैठकीत बसल्या बसल्या मी भिंतीवरचं कॅलेंडर उचलून मागे पाहिलं होतं. मागून पाल निघाली, ती थेट व्याह्यांच्या चहात. तरी सोयरीक झाली, हे आमचं नशीब.

नोकरीभर मी मोताळा तालुक्यात होते, धामणगाव बढ्याच्या आजूबाजूच्या गावांत. आधी आरोग्यसेविका, मग आरोग्य सहायिका. लोकांच्या तोंडी मात्र कायमची शिस्टर. लसी टोचल्या, बाळंतपणं केली, गोळ्या वाटल्या. त्याबद्दल माझ्या मैत्रिणी माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी बुरशीबद्दल लिहिते असं संपादकांना फोनवर कळवलं. "दिवाळी अंकात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुमच्याकडे दिवाळीला घराला रंग देतात ना, मग तुम्ही दरवर्षी हाच विषय झाकता.

बुरशीला जगायला फार काही लागत नाही. थोडी ओल, थोडा अंधार, आणि खायला काहीही. रंग, कागद, लाकूड, चामड्याची चप्पल, कापूस, सगळं तिला गोड लागतं. भिंतीवर जी काळी-हिरवी दिसते तेवढीच ती नसते. तिची बारीक पूड हवेत उडते, डोळ्यांना दिसत नाही आणि श्वासाबरोबर छातीत जाते. पंचाईत अशी की ती सगळ्यांना बाधत नाही. एका घरात चौघं ठणठणीत असतात आणि पाचव्याला शिंका, डोळ्यांना खाज, खोकला, छातीत घरघर. मग ते चौघं त्या पाचव्याकडेच संशयाने बघायला लागतात. ओळखायची एक मोठी खूण आहे. असा माणूस चार दिवस दुसऱ्या गावी गेला की बरा होतो आणि घरी आला की पुन्हा सुरू. ही खूण मी बायांना शिकवायचे आणि बाया मान डोलवायच्या. पण तीच खूण स्वतःच्या घरात दिसली की तिचा अर्थ भलताच लागायचा, त्याची गोष्ट पुढे येतेच.

आमच्याकडे बुरशीवरचा पहिला इलाज म्हणजे ती झाकणं. मूळचे दुसरबीडचे एक गुरुजी आमच्या गावच्या शाळेत होते. त्यांच्या बैठकीतल्या भिंतीवर तळहाताएवढा काळा डाग आला. त्यांनी त्यावर कॅलेंडर टांगलं. डाग वाढला, तसं मोठं कॅलेंडर आलं. मग शाळेतला भारताचा जुना नकाशा आला. बुरशी भारताच्या सरहद्दी ओलांडून गेली, तेव्हा गुरुजींनी लोखंडी कपाट सरकवलं आणि विषय संपवला. फक्त त्यांच्या बायकोच्या शिंका संपल्या नाहीत.

मी कपाट हलवायला लावलं आणि ही साफ करा म्हणून सांगितलं. कशी, ते सांगायच्या आत गुरुजी दुकानात पोचले होते. एक बाटली कपडे पांढरे करायच्या पाण्याची, दुसरी संडास धुवायच्या ॲसिडची. दोन्ही चांगल्या, मग एकत्र केल्या तर दुप्पट चांगल्या, असा गुरुजींचा हिशेब. एका बादलीत दोन्ही ओतल्यावर जो वायू निघाला, त्याने सगळं कुटुंब डोळे चोळत, खोकत रस्त्यावर आलं. शाळा सुटायची वेळ होती. गणिताचे गुरुजी बनियनवर रस्त्यात उभे राहून रडतात, हे दृश्य त्या वर्गाला अजून आठवतं. वाचकांपैकी कुणाच्या मनात तसलं काही असेल तर ते आत्ताच काढून टाकावं. या दोन बाटल्या कधी एकत्र करायच्या नाहीत, त्या वायूने जीव जाऊ शकतो.

खरी रीत अगदी साधी आहे, म्हणून ती कुणाला आवडत नाही. आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं आणि ते बंद करायचं. मग दारं-खिडक्या उघडायच्या, तोंडाला मास्क, हातात मोजे. कोरडी बुरशी झाडूने झाडायची नाही, पूड घरभर उडते. आधी ती ओली करायची, साबणाच्या पाण्याने घासून काढायची, फडकं फेकून द्यायचं. भिंत खडखडीत वाळू द्यायची आणि मगच चुना मारायचा. ऑइलपेंट मारला की ओल आत कोंडते आणि पुढच्या पावसाळ्यात फुगून बाहेर येते. दमा असलेल्याने या कामाला हातच लावायचा नाही. आणि ज्या वस्तूच्या पोटात बुरशी शिरली, ती धुता येत नाही, तिचा मोह सोडायचा. हे शेवटचं वाक्य सांगायला सगळ्यात सोपं आणि करायला सगळ्यात अवघड, हे मला द्वारकाबाईंच्या घरी कळलं.

द्वारकाबाई म्हणजे गावातली सगळ्यात स्वच्छ बाई. हे त्यांचंही मत होतं. त्यांच्या घरचे तांब्या-पितळेचे हंडे असे लखलखीत की बायका त्यात बघून कुंकू नीट करायच्या. कापसाची चांगली शेती, एक मुलगी लग्न करून दिलेली, एक मुलगा उमेश. त्याचं लग्न उन्हाळ्यात झालं. सून सोनाळ्याची, नाव कोमल. पाऊस लागला तशी कोमल खोकायला लागली. श्रावणात द्वारकाबाई उपकेंद्रात माझ्यासमोर येऊन बसल्या.

"शिस्टर, आमच्या सुनेच्या छातीत काय हाये ते पाहा. अन् काही नसंल तर तसं तिले तोंडावर सांगा."

"म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे? राती खोकते, सकाळी खोकते. अन् सोनाळ्याले गेली का पोट्टी ठणठणीत. इथं दारात पाय ठेवला का सुरू. खोकल्याले बी माहेर-सासर कळते काय?"

"कळते ना, द्वारकाबाई," मी म्हटलं. "खोकल्याले बराबर कळते."

मी थट्टा करतेय असं वाटून त्या रागावल्या. मी अजिबात थट्टा करत नव्हते.

कोमलला आमच्या डॉक्टरांनी आधीच तपासलं होतं. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला, क्षय नव्हता. श्वासाचा त्रास आहे म्हणून त्यांनी ओढायचा पंप दिला होता. तो पंप द्वारकाबाईंनी गव्हाच्या कोठीत लपवून ठेवला होता. पंप ओढणारी सून घरात आहे हे शेजारी कळलं तर काय, ही त्यांची काळजी. खोकला अख्ख्या आळीला ऐकू जात होता, त्याचं काही नाही.

मी दुसऱ्याच दिवशी घरी गेले. कोमल दारात आली आणि मी चरकले. लग्नात पाहिलेली भरल्या अंगाची पोरगी, आता गालाची हाडं वर आलेली. याला कारण खोकला नव्हता, तिचा नवरा होता. उमेश मालवाहू गाडी चालवायचा आणि गाडी उभी असली की मोबाईलवर व्हिडिओ बघायचा. शरीरात विष साचलंय, ते बाहेर काढलं पाहिजे, हे त्याला व्हिडिओतून पटलं होतं. बायकोवर त्याचा मोठा जीव, त्यामुळे त्याने हयगय केली नाही. सकाळी अनशापोटी कडुलिंबाचा रस. मग हळदीचा काढा. मग चुलीतल्या कोळशाची वस्त्रगाळ पूड पाण्यात. आठवड्याला एरंडेल. भाकर बंद, वरण बंद, कारण अन्नाने विष वाढतं.

"शिस्टर," कोमल हळूच म्हणाली, "मले आता खोकल्याचं काही वाटत नाई. काढ्याचीच भीती वाटते."

उमेश तिथेच उभा होता, हातात वाटी. मी त्याला विचारलं, "काऊन रे, घरात चूल धूर करून राह्यली, तर तू चूल इझवशील का माणसाले जुलाब देशील?"

"पण शिस्टर, आतली घाण कशी निंघंल?"

त्याचा प्रश्न खरा होता आणि तो मला नोकरीभर विचारला गेलाय. आतली घाण काढायला देवाने म्हणा, निसर्गाने म्हणा, यकृत आणि मूत्रपिंडं देऊन ठेवलीत, ती फुकट काम करतात आणि सुटीही घेत नाहीत. छातीतून आलेला कफ खोकून टाकायची सोय आहे. आपलं काम एवढंच की नवी घाण आत जाऊ द्यायची नाही आणि ज्याला हे काम करायचंय त्या शरीराला पोटभर खायला द्यायचं. मी कोमलसाठी ज्वारीची भाकर, वरण आणि अंडी सांगितली, कोठीतून पंप बाहेर काढायला लावला आणि एरंडेलाची बाटली उमेशच्या हातात दिली. गाडीच्या बिजागऱ्यांना घाल म्हटलं. तो बिचारा खरंच घालत होता, असं नंतर कळलं.

मग मी त्यांची खोली पाहिली. लग्नासाठी त्या खोलीला लागून नवी मोरी बांधली होती, शहरातल्यासारखी. घाईत बांधलेली. मधल्या भिंतीला उलट्या हाताने स्पर्श केला तर गार. मी प्लास्टिकचा एक तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटवून आले. दुसऱ्या दिवशी तुकड्याच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब होते, म्हणजे ओल भिंतीतून येत होती. कपाट सरकवलं तर मागे काळ्या बुरशीची गोधडी पसरलेली.

द्वारकाबाई कितीतरी वेळ त्या भिंतीकडे बघत राहिल्या. "माह्या घरात बुरशी?" त्यांनी विचारलं. "शिस्टर, माह्या घरात लोकं खाली सांडेल भात उचलून खातात."

"भिंत कोण चाटते, द्वारकाबाई?"

त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण बाई कामाची. प्लंबर आणून मोरीचा पाइप बदलला. भिंत ओली करून घासून घेतली, खिडकी उघडी ठेवून वाळवली, चुना दिला. मी सांगितलेलं एकही काम त्यांनी गाळलं नाही, फक्त प्रत्येक कामाच्या आधी एकदा पुटपुटल्या. कोमल तेवढे दिवस राखीला माहेरी होती. परत आली ती गाल भरून. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा खोकत होती.

पहिल्याइतकी नाही, पण खोकत होती. आणि आता भिंत स्वच्छ होती. घरातल्यांच्या मते बहाणा संपला होता. भावकीतले उमेशचे मोठे काका येऊन बसायला लागले. पोरगी आधीपासून आजारी होती, बापाने लपवून दिली, असं ते ओट्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे. ठरलं असं की महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, उठल्या की सोनाळ्याहून कोमलच्या वडिलांना बोलवायचं, बैठक करायची, आणि पोरगी त्यांच्या हवाली करायची.

कोमल मला हे सांगायला उपकेंद्रात आली तेव्हा रडत नव्हती, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

"तुले जावं वाटते काय माहेरी?" मी विचारलं.

"नाई, शिस्टर. मले हे घर आवडते. सासूबाई बोलते लय, पण मी जेवल्याबिगर जेवत नाई. अन् हे..." ती थोडी लाजली. "हे काढा करतानी आधी स्वतः पिऊन पाहतात."

भिंत झाली, मोरी झाली, चूल तपासली, धान्याची खोली तपासली. डॉक्टर म्हणाले, औषध चालू ठेवू, बघू. बैठकीत मला कुणी विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? की हिचा खोकला खरा आहे, पण कशाने आहे ते मला माहीत नाही? ते ऐकून काका काय म्हणाले असते, ते मला चांगलं माहीत होतं.

इथे आमच्या मदतीला धावून आले ते जावई.

महालक्ष्म्यांना द्वारकाबाईंची मुलगी आणि जावई आले. घरातली चांगली खोली, चांगला पलंग, चांगली गादी जावयालाच द्यायची, हे सांगायला लागत नाही. उमेश ओट्यावर गेला आणि कोमल स्वयंपाकघरात सासूशेजारी गोधडीवर झोपली. सकाळी जावई उठले ते शिंकत. डोळे लाल, नाक वाहतंय, पुरणपोळीचा वाससुद्धा येईना. आणि कोमल रात्रभर एकदाही खोकली नव्हती. द्वारकाबाई तिच्या कुशीलाच झोपल्या होत्या, त्यांच्याइतका पक्का साक्षीदार कोण मिळणार?

सुनेचा खोकला महिनाभर नाटक होता. जावयाची शिंक मात्र पहिल्या सकाळीच आजार ठरली. मला बोलवायला उमेशची गाडी आली.

जावयांना ओट्यावर बसवून आम्ही दोघी खोलीत शिरलो आणि दार लावलं. "आता सांगा," द्वारकाबाई म्हणाल्या. "भिंत तर तुमच्या देखत झाली."

मी पुन्हा भिंतीला हात लावला. कोरडी. मी खोलीभर बघितलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की या खोलीत मी जितक्या वेळा आले, तितक्या वेळा त्या पलंगावर ऐसपैस बसूनच भिंतीला नावं ठेवली होती. मी चादर ओढली. खाली गादी होती, आणि गादीवर जाड प्लास्टिक. लग्नात आली तेव्हाचं, जसंच्या तसं.

"हे काऊन काहाडलं नाई?"

"नवी गादी हाये, शिस्टर. मळंल ना."

आमच्या भागात हे काही नवल नाही. नव्या खुर्च्यांचं, टीव्हीच्या रिमोटचं, गाडीच्या सीटचं प्लास्टिक वस्तू जुनी होईपर्यंत निघत नाही. गादी कोमलच्या वडिलांनी दिलेली. घरच्या कापसाची, पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली, लाल फुलांच्या कापडाची. आंदणात सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं. मी प्लास्टिक फाडलं आणि आम्ही दोघी एकदम मागे सरलो. तो वास मी इथे लिहीत नाही, अंक फराळाच्या ताटाशेजारी वाचला जातो.

मी मास्क लावला, एक त्यांना दिला, आणि कात्रीने गादीची शिवण उसवली. कडेचा कापूस पांढरा होता. आत हात घालत गेले तसा पिवळा, मग राखाडी, आणि मधोमध काळ्या ठिपक्यांचे गोळे. मी म्हटलं, प्लास्टिकमुळे गादीला घाम सुटला असेल. पण बोलता बोलता माझं मलाच पटेना. बाहेरून ओल लागली असती तर आधी कडा खराब व्हायला हव्या होत्या.

द्वारकाबाईंनी एक गोळा चिमटीत घेतला, बोटांनी कुस्करला, उजेडात धरला. या बाईचा सारा जन्म कापूस वेचण्यात गेलेला. माझं बोलणं त्यांनी ऐकलंच नाही.

"हा भिजेल कापूस हाये," त्या म्हणाल्या. "शेवटच्या वेच्याचा. लग्नाच्या आधी ते अवकाळी पाणी नाई आलं? तवाचा. वरून वाळेल दिसला अन् आतून वलाच राह्यला. तसाच भरला." मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "चांगला कापूस इकला असंल त्यानं लग्नासाठी. राह्यला त्याची गादी भरली."

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली. कारण सापडलं याचा आनंद व्हायला हवा होता, पण आता या बाईच्या हातात काय आलंय ते मला दिसत होतं. महिनाभर जी आपल्या घराचा अपमान गिळत होती, तिच्या चिमटीत आता व्याह्याच्या घरची बुरशी होती. बैठकीत तिने तो गोळा फक्त दाखवायचा. पोरगी राहिली असती, पण बापाला पुन्हा या दारात मान वर करून येता आलं नसतं. आणि कोमलला ते जन्मभर ऐकावं लागलं असतं.

"उमेशले सांगू नका," द्वारकाबाई म्हणाल्या आणि गादी गुंडाळायला लागल्या. जावई-लेक घरी परतल्यावर आम्ही दोघींनी ती शेतात नेली, वाऱ्याच्या उलट बाजूला उभं राहून जाळली. कापूस पेटायला वेळ लागत नाही. बैठकीत त्या काय सांगणार, ते मला विचारायचा धीर झाला नाही.

बैठक ठरल्याप्रमाणेच झाली. काकांना ती टाळायची नव्हती. कोमलचे वडील निंबाजीभाऊ सोनाळ्याहून एका नातेवाइकाला घेऊन आले. धोतर-सदऱ्यातला वाळका माणूस. सतरंजीच्या कडेला बसले, अर्धे सतरंजीवर, अर्धे जमिनीवर. मी पिशवीत सगळी माहिती घेऊन गेले होते, बुरशी कशी वाढते, श्वासाला कशी बाधते. कुणाचं नाव न घेता बोलायचं भाषण आदल्या दिवशी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं.

काकांनी घसा खाकरला. निंबाजीभाऊंनी हात जोडले. "माह्या पोरीचं काही चुकलं असंल..."

"पोरीचं काही नाई," द्वारकाबाई म्हणाल्या. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, डोक्यावर पदर. "आमच्या खोलीत वल होती. भिंत सडली. मी गादीचं प्लास्टिक काहाडलं नाई, म्हून गादी सडली. त्याच गादीवर पोरगी झोपली अन् खोकली. जावई झोपले, तेबी शिंकले. इचारा शिस्टरले."

काका म्हणाले, "अवं, पण परवा तर तूच..."

"परवा मले मालूम नव्हतं, भाऊजी. आता हाये."

सगळे माझ्याकडे वळले. मी "हो" म्हटलं. सबंध नोकरीतलं माझं हे सगळ्यात छोटं आरोग्यशिक्षण. बाई बोलली त्यातला शब्द न् शब्द खरा होता, फक्त अर्धाच होता. गावभर आपलं घर आरशासारखं आहे म्हणून मिरवणारी ही बाई चार पुरुषांसमोर माझं घर सडकं होतं म्हणून सांगत होती, आणि मला रडू येत होतं. पिशवीतलं भाषण मी तसंच घरी नेलं. ते आता कुणालाच ऐकवायचं नाही, याचं थोडं वाईट वाटतं, कारण चांगलं जमलं होतं.

काकांना चहाआधीच शेतातलं काम आठवलं. ते गेल्यावर निंबाजीभाऊ विहीणबाईंकडे वळले. मग त्यांनी विचारलं, "गादी कुठी हाये, ईनबाई?"

"जाळली."

"उसवली होती काय? आतून कशी निंघाली?"

"मी नाई पाह्यलं," द्वारकाबाई म्हणाल्या.

निंबाजीभाऊंनी मान खाली घातली आणि सतरंजीचा धागा ओढत राहिले. कोमल आतून कपांचा आवाज करत होती. मधे एकदाही खोकल्याचा आवाज आला नाही, ते आम्ही सगळेच ऐकत होतो.

द्वारकाबाई दारातून पुढे आल्या. व्याह्यासमोर त्या सहसा बसत नसत, त्या सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. "तुमचा कापूस दिवाळीले घरी येईन ना? पोरीले दुसरी गादी लागते. इकतची नाई चालत मले. तुमच्याच वावरातल्या कापसाची पाह्यजे." मग त्या थोडं थांबल्या. "पयल्या वेच्याची."

निंबाजीभाऊंनी वर बघितलं. दोघंही कापूसवाले. पहिल्या वेच्याचा चांगला कापूस आणि शेवटच्या वेच्याचा उरलासुरला, यातला फरक त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"पयल्या वेच्याचीच देतो, ईनबाई," ते म्हणाले. "चांगली वाळवून देतो."

"मंग मीबी प्लास्टिक काहाडीन," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि कोमलला चहा आणायला हाक मारली.